ओटी कुणाची भरायची?

आबांच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'फिजिओ चालू ठेवा. ओटी.' बस. ओटीपुढचं टिंब असं ठसक्यात दिलेलं होतं की पुढे काही विचारायची सोयच नव्हती.

डॉक्टरी अक्षर वाचणारा आमच्याकडे एकच माणूस, चौकातला मेडिकलवाला. त्याने कार्ड ट्यूबलाइटखाली धरलं, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "ओटी म्हन्जे ऑपरेशन थेटर. पुन्हा न्या लागते आबाले." त्या दिवशी दुपारी घरात कुणी जेवलं नाही. संध्याकाळी मावसभाऊ आला. तो एसटीत कंडक्टर. त्याच्या लेखी ओटी पगारपत्रकातच असते. "कायचं ऑपरेशन बे? ओटी म्हन्जे ओव्हरटाइम. फिजिओवाला तासभर जास्त थांबन, त्याचे पैसे तुह्याजोळून घेईन."

आईने दोघांचंही ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "नवरात्रात देवीची ओटी राह्यली भराची. मी तवाच म्हनलं होतं." तिने कपाटातून खण काढला, नारळ आणवला आणि दोन्ही देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवून दिले. एवढ्या शिकलेल्या डॉक्टरला हे कळतं, याचं तिला फार कौतुक वाटलं.

आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. नवरात्रात पाचव्या माळेला सकाळी चहाची बशी हातातून सुटली आणि आमच्याकडे म्हणतात तसं अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ही देवाची कृपा की परीक्षा, यावर घरात अजून एकमत नाही. अकोल्याला नेलं, डॉक्टरांनी वाचवलं, घरी आणलं. मग फिजिओवाला पोरगा रोज यायला लागला. भला पोरगा. थोड्याच दिवसांत त्याने आबांना काठी धरून उभं केलं आणि दिवाळीला ते दारापर्यंत चालत गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबा दारात थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले, कारण तिथं जाऊन करायचं काय हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

उजवा हात मात्र जावयासारखा मांडीवर बसून होता. घरातलाच, मानाचा, पण कशाला म्हणून हात लावत नव्हता.

शेवटी मी अकोल्याला फोन करून डॉक्टरांनाच विचारलं. ते हसले. "अहो, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधा." एवढं इंग्रजी आमच्या बाजारात चालणार नाही म्हणून मी मराठी शब्द शोधून काढला. सरकारी मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, आणि तो करणाऱ्याला व्यवसायोपचार तज्ञ. इथूनच माझे हाल सुरू झाले.

माझं बसस्टँडजवळ कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, आरसे, आणि राखीच्या दिवसांत राख्या. अशा माणसाने भर बाजारात "व्यवसायोपचार तज्ञ कुठी भेटते?" असं विचारत फिरू नये. दोन दिवसांत तालुक्याला खबर लागली की माझं दुकान बसलं. पानठेलेवाल्याने उधारी मागितली. पतसंस्थेतले साहेब, जे एरवी माझ्याकडे पाहून फाइलमध्ये तोंड घालतात, ते चालत दुकानात आले आणि मुद्रा कर्जाचं समजावून गेले. एका हितचिंतकाने गल्ल्याचं तोंड उत्तरेला करायला सांगितलं. शेजारच्या कापड दुकानदाराने तर खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, धंद्यात चढउतार चालतेच. उपचार गिपचार कायले? सेल लाव." मी म्हटलं, "दुकान चांगलं आहे हो, आबांसाठी पाहिजे." तो आणखी गंभीर झाला. "आता या वयात आबा धंदा टाकतेत?"

घरी येऊन मी हा शब्द कुणी केला म्हणून बोटं मोडली. आबा खाटेवरून म्हणाले, "शब्दाले नावं ठेवू नोको. संस्कृतात व्यवसाय म्हन्जे निश्चय, नेटानं केलेलं काम. गीतेत त्याच अर्थानं आला हाये. दुकानाचा अर्थ तुमी लोकांनी चिकटवला." छत्तीस वर्षांची सवय, चूक दाखवल्यावर त्यांना बरं वाटतं. त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले. म्हणजे आईने भरवले.

मग इंटरनेट. तिथे 'मालेगाव' लिहिलं की आमचं मालेगाव येत नाही. येतं ते नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागवालं, मोठं मालेगाव. हे आमचं जन्माचं दुखणं आहे. आम्ही वाशीम जिल्ह्यातले, पूर्वी अकोला जिल्ह्यातले, १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे. जहांगीर लावून नाव सांगतो, पिनकोड ४४४ ने सुरू होतो, तरी आमची पार्सलं तीनशेवर किलोमीटर फिरून मोसम नदीचं दर्शन घेऊन येतात. मी एक नंबर लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मालेगावातच आहे ना? मग या की, मोसम पुलावरून दहा मिनिटं." मी म्हटलं, "आम्ही शिरपूर जैनच्या बाजूचे." ते म्हणाले, "शिरपूर? म्हणजे धुळ्याकडचे!" आता अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर आमच्या तालुक्यात आहे, पण शिरपूरही महाराष्ट्रात दोन. आमच्या नशिबात एकही गाव एकटं नाही. मी फोन ठेवला.

दरम्यान एक मालिशवाला आपणहून घरी आला. सात दिवसांत लकवा बरा, तेल वेगळं. म्हणाला, "मी थेरपिस्टच हो." तोवर मला एक माहिती मिळाली होती. थेरपिस्ट लोकांची राज्याची परिषद आहे, महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद, २००२ च्या कायद्याने झालेली. खऱ्या माणसाकडे तिचा नोंदणी क्रमांक असतो. मी ऐटीत विचारलं, "नोंदणी क्रमांक सांगा." त्याने मोबाइल नंबर सांगितला.

कुणी म्हणालं, सरकारीत असतं, मुलांसाठी. खरंच असतं. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्यात जन्मजात व्यंग आणि वाढीतल्या अडचणी असलेल्या पोरांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं ठरवली आहेत. मी अशा एका खिडकीवर गेलो. बाईंनी पेशंटचं वय विचारलं. मी म्हटलं, चौऱ्याहत्तर. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दादा, हे अठरा वर्षांपर्यंत असतंय." छप्पन वर्षांचा उशीर झाला होता. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "उशीर माफीचा अर्ज देऊ."

खरं म्हणजे या विद्येची आणि महाराष्ट्राची ओळख फार जुनी. अमेरिकेत १९१७ साली काही मंडळींनी एकत्र येऊन तिची संघटना केली. त्यांतले जॉर्ज बार्टन हे स्वतः आजाराने पांगळे झालेले वास्तुरचनाकार होते. आपल्याकडे तिला आणणाऱ्या बाईही जन्माने अमेरिकनच, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या कमला निंबकर झाल्या, आणि १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हा अभ्यासक्रम सुरू केला. आशियातला पहिला. १९५२ साली या लोकांचा जागतिक महासंघ झाला तेव्हा स्थापना करणाऱ्या दहा देशांत भारत होता. म्हणजे अमेरिका, इंग्लंड, स्वीडन यांच्या मांडीला मांडी लावून आपण बसलो होतो. पुढे काय झालं कुणास ठाऊक. महाविद्यालयं झाली ती बहुतेक मुंबईत, आपल्या विदर्भात नागपूरला. साडेचार वर्षं शिकून पोरं बाहेर पडतात, त्यांतली कित्येक परदेशी जातात, उरलेली मोठ्या शहरांत. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. ताशी एकशेवीसच्या वेगाने या मार्गावरून व्यवसायोपचार तज्ञ रोज जात असणार, याबद्दल मला शंका नाही. उतरत नाहीत, एवढंच.

कमला निंबकरांचं नाव काढताच आबा उठून बसले. "फलटणच्या शाळेवालं नाव? कमला निंबकर बालभवन?" मास्तर लोकांना ते नाव ठाऊक असतं, कारण मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणला पोरांना वाचायला शिकवायचं जे काम केलं, त्या शाळेला हेच नाव आहे. एवढ्या ओळखीवर आबा अकोल्याला यायला तयार झाले. एरवी डॉक्टर म्हटलं की त्यांचं डोकं दुखतं.

हो, थेरपिस्ट सापडली होती. अकोल्यात. शोधून दिली ती माझ्या दुकानात टिकल्या घ्यायला आलेल्या एका बाईने, जिच्या नातवाला तिथे नेत होते. मेडशी, पातूर करत आम्ही पोचलो. दार उघडलं आणि आबा उंबऱ्यातच थांबले. आत झोके टांगलेले, जमिनीवर गाद्या, कोपऱ्यात रंगीत चेंडूंचा हौद, आणि त्या हौदात तीन वर्षांचा एक नागरिक गळ्यापर्यंत बुडालेला. "अबे," आबा म्हणाले, "हे तं बालवाडी होय."

मॅडम तिशीच्या आतल्या, माहेर रिसोडकडचं. त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. त्या मुख्यतः मुलांचंच पाहत, पण लकव्याचे पेशंटही घेत. त्यांनी फाइल पाहिली, बाजूला ठेवली आणि असा प्रश्न विचारला जो दोन महिन्यांत एकाही पांढऱ्या कोटाने विचारला नव्हता. "आबाजी, आजाराच्या आधी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय करत होते?"

आबा पंचवीस मिनिटं बोलले. पाचला उठणं. स्वतःची दाढी स्वतः, न्हाव्यावर विश्वास नाही. पेपर, आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल खूण. दुपारी अडकित्त्याने सुपारी. चारला ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देणं. तहसील, भूमी अभिलेख, वीज मंडळ, सगळीकडे जाणारे अर्ज, फुकट, फक्त खाडाखोड चालणार नाही. मग थांबले आणि हळूच म्हणाले, "नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर मी अंगठा लावला, मॅडम. छत्तीस वर्षं लोकाईचे अंगठे सोडवले मी."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे अंगठा लावला हे माहीत होतं, शाईची डबी मीच धरली होती.

मॅडमनी कागदावर पहिलं काम लिहिलं, 'सही.' दुसरं, 'स्वतःच्या हाताने जेवण.' तिसरं, 'सुपारी', आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फिजिओवाल्याने पाय चालता केला. ही बाई विचारत होती की त्या पायाने जायचंय कुठे, आणि जाऊन हाताने करायचंय काय. तिचा व्यवसाय म्हणजे दिवसभराची आपली सगळी बारीकसारीक उठाठेव. बटण लावणं, लोटा धरणं, भाकर मोडणं. ज्याला आपण काम म्हणतच नाही, ते सगळं.

मग परीक्षा झाली. हिला बार्थेल इंडेक्स म्हणतात, १९६५ सालची, शंभर मार्कांची, दहा प्रश्न. जेवण, आंघोळ, दाढी-तोंड धुणं, कपडे, शौच, लघवी, संडासाचा वापर, खाटेवरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना. परीक्षा म्हटल्यावर आबा सावरून बसले. शौचावर ताबा असेल तर दहा मार्क, लघवीवर दहा, हे ऐकून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "ह्या प्रश्नाले धा, अन् दाढीले पाचच? पेपर काढला कोनं?" एकूण पंचावन्न आले. दुसरी श्रेणी. आयुष्यात पहिल्या श्रेणीखाली न उतरलेल्या माणसाने रिचेकिंगची मागणी केली. मॅडम म्हणाल्या, "फेरपरीक्षा संक्रांतीनंतर."

आठवड्यातून एकदा आम्ही जायला लागलो. आबांच्या शेजारच्या टेबलावर एक सात-आठ वर्षांचा मुलगा यायचा. त्याचं अक्षर म्हणजे ओळीवरून निसटलेली मुंग्यांची रांग. मॅडम त्याला कागद देतच नसत. मळलेली माती दाबायला लावायच्या, कपड्यांचे चिमटे काठीला लावायला सांगायच्या, भिंतीवर उभ्या फळ्यावर रेघा ओढायला द्यायच्या. आबांना राहवेना. "मॅडम, त्याले शुद्धलेखन द्या ना दहा पानं." मॅडमनी समजावून सांगितलं. काही पोरांच्या खांद्यात आणि बोटांत जोरच कमी असतो, काहींना पेन किती दाबायचं याचा अंदाज येत नाही. अक्षर मुद्दाम वाईट काढत नाहीत ती. दहा पानं लिहायला लावली तर दहा पानं तेच अक्षर येतं. दुसऱ्या एका पोराला शर्टाच्या मानेतली चिठ्ठी टोचून वेड लागायची पाळी येई, मिक्सर लागला की तो कानावर हात ठेवून पळे. जीन एअर्स नावाच्या अमेरिकन बाईंनी यावर आयुष्यभर काम केलं, आणि ते झोके टांगले होते ते त्यासाठीच.

आबा त्या दिवशी परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. पातूरच्या घाटात फक्त एवढं म्हणाले, "फुटपट्टी आडवी धरून मारायची आमी. बोटांच्या पेरांवर." मी गप्प राहिलो. मीही त्यांच्याच वर्गात होतो, माझंही अक्षर वाईट होतं.

पुढच्या आठवड्यापासून ते त्या पोराशेजारीच बसायला लागले. दोघं मिळून चिमटे लावत. पोरगं जिंके.

पण खरी अडचण निघाली ती ताटात. आपल्या लोकांचं उजव्या-डाव्याचं शास्त्र तुम्हाला ठाऊकच आहे. उजवा हात ताटाचा, डावा लोट्याचा. उजवा गेला म्हणजे दोन्ही खाती एकाच हातावर आली. आबांनी जाहीर केलं, "या हातानं मी जेवनार नाही." आईचं म्हणणं तेच. म्हणून दोन महिने आई त्यांना भरवत होती. विलायती पुस्तकांत काट्या-चमच्याचे उपाय असतील, पण हा पेच तिकडे पडायचं कारण नाही. मॅडमनी डाव्या हाताचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, "उजव्यानेच जेवा, पण चमच्याने." बोटं पूर्ण मिटत नव्हती, म्हणून चमच्याची मूठ जाड करायची. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. ताटाऐवजी उभ्या काठाची खोलगट थाळी, म्हणजे वरणभात काठाला टेकून चमच्यात येतो.

मूठ जाड करायला मी सुताराकडे गेलो. केवढं शास्त्र सांगितलं मी त्याला, पकड काय, व्यास काय. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "म्हन्जे विळ्याची मूठ. हाताच्या मापानं. वखराचं रुमनं आमी मानूस पाहूनच घडोतो." त्याने सायकलच्या हँडलचं रबर चमच्यावर चढवलं, वीस रुपये घेतले, आणि केईएमच्या अभ्यासक्रमातला एक धडा पाच मिनिटांत संपवला. अर्थात चमचा जरासा आतल्या बाजूला वाकवायला हवा, म्हणजे तो तोंडाकडे नीट येतो, हे त्याला मॅडमनीच कळवलं. शर्टाला बटणांच्या आत मॅजिक पट्टी लावली. कपडे घालताना आधी दुखरा हात, काढताना आधी चांगला, हे सूत्र आबांनी व्याकरणाच्या नियमासारखं भिंतीवर लिहायला लावलं. मी लिहिलं. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका निघाल्या.

आता संकट उरलं आईचं. चमचा तोंडापर्यंत जायला दोन मिनिटं लागत. त्यातला अर्धा भात बनियनवर. आईला ते बघवेना. तिसऱ्या घासाला ती पुढे सरसावायची. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि नवरा समोर उपाशी धडपडतोय! मॅडमनी फोनवर सांगितलं, "आबाजी जेवत असतील तेव्हा काकूंना स्वयंपाकघरात पाठवा." आई गेली आणि दाराआडून बघत उभी राहिली. अख्ख्या उपचारात सगळ्यात अवघड व्यायाम हा होता, आणि तो आईला दिलेला होता.

पौषात तुरीच्या हिरव्या शेंगा घरात आल्या. मॅडम म्हणाल्या, उत्तम. रोज वाटीभर शेंगा आबांनी सोलायच्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यात शेंग धरायची, दाबायची, दाणे काढायचे. औषध म्हणून याहून चांगलं काही नाही, आणि सोले भाजीत पडतात. झालं. भेटायला येणाऱ्यांची रांग आमच्याकडे अजून सुरूच होती. लकव्याच्या माणसाला बघायला येणारे लोक त्याला झोपलेला बघायला येतात. इथे आबा ओट्यावर खुर्चीत, मांडीवर सूप, शेंगांचा ढीग. आत्या आल्या, पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. "माह्या भावाच्या अंगावून वारं गेलं अन् हे त्याले कामाले लावून राह्यले." दोन दिवसांत तालुक्याला नवी खबर पोचली. कापड दुकानदार पुन्हा आला. या वेळी खांद्यावर हात नव्हता. "भाऊ, धंदा बसला म्हनून बापाले धंद्याले लावलं? सोले इकता का?" मी म्हटलं, "हाच तर व्यवसायोपचार." तो म्हणाला, "दिसून राह्यलं."

संक्रांतीनंतरच्या रविवारी मॅडम माहेरी जाता जाता आमच्याकडे उतरल्या. घर बघायचं होतं. त्यांनी पिशवीतून टेप काढला आणि संडासाचं दार मोजलं, उंबरा मोजला, खाटेची उंची मोजली, मोरीच्या कठड्यापासून नळ किती लांब ते मोजलं. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "घर इकलं काय वो माय?" मॅडमनी सांगितलं, संडासात उजव्या-डाव्या दोन्ही हातांना लोखंडी दांडी, उंबऱ्याला उतार, मोरीत स्टूल, पायपुसणं काढून टाका. लाखांचं काम नव्हतं. वेल्डर आणि गवंडी यांचा एक दिवस. उंबरा फोडायला आईची हरकत होती. लक्ष्मी येते तिथून. मॅडम म्हणाल्या, "काकू, उतार केला तर लक्ष्मीलाही सोपं." आईने होकार दिला नाही, पण मान हलवली.

फेरपरीक्षा तिथेच झाली. ऐंशी. जेवणाला दहापैकी दहा. आंघोळीला शून्य, कारण आई अजून पाठ चोळून देते आणि ते सोडायला दोघंही तयार नाहीत. आबांनी गुणपत्रिकेखाली पालकांच्या सहीची जागा आखून घेतली आणि स्वतः सही केली. 'द' चा पाय लांबला होता. त्यांनी तो स्वतःच लाल पेनाने दुरुस्त केला.

मॅडम निघाल्या तशी आई म्हणाली, "थांब बाई." संक्रांतीचे दिवस, घरात हळदीकुंकू होतंच. आईने देव्हाऱ्याखालच्या फळीवरून खण काढला. नारळ तिसरा होता, आधीच्या दोघांची चटणी झाली होती. पाट मांडला, कुंकू लावलं, हातात तीळगूळ ठेवला, गव्हाची ओंजळ घातली. मॅडमनी ओढणी दोन्ही हातांनी पसरली होती. आई नारळ उचलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काकू, नारळ आबाजींना देऊ द्या."

आबा चपापले. "मी? अवो, पुरुषमानूस ओटी भरत नाही."

"भरा," आई म्हणाली. "कार्डावर डॉक्टरनं लिहून देल हाये."

याच्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. आबांनी खुर्ची पुढे घेतली. उजवा हात मांडीवरून उठला, नारळाजवळ गेला, बोटं पसरायला वेळ घेतला. दोन वेळा नारळ पाटावर डुगडुगला. आई दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होती, पुढे जाऊ नयेत म्हणून. तिसऱ्यांदा नारळ वर आला, हवेत थोडा थरथरला आणि ओढणीत पडला. आत्या पदर डोळ्याला लावायच्या बेतात होत्या.

मॅडमचं लक्ष ओटीकडे नव्हतं. त्या आबांच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"छान," त्या म्हणाल्या. "आता सुपारी. दोन बोटांनी."